तीन प्रती आणि एकच खोली

‘साठा क्लस्टरवर आहे. प्रत्येक फाइलच्या तीन प्रती आहेत. काळजीचं कारणच नाही.’ संगणकाच्या खोलीत शिरून सुरक्षिततेबद्दल काही विचारलं की हे उत्तर ठरलेलं असतं. देणारा कधी पुरवठादाराचा माणूस असतो, कधी पतसंस्थेचा व्यवस्थापक, तर कधी महाविद्यालयाच्या परीक्षा विभागातला लिपिक, ज्याला हे वाक्य त्या पुरवठादारानेच पाठ करून दिलेलं असतं. अशा वेळी कोणी सुचवलं की दुसऱ्या गावी दुसरं क्लस्टर उभारा आणि ठरावीक वेळेचे स्नॅपशॉट तिकडे पाठवत राहा, तर समोरचा असा हसतो, जणू त्याला चांगल्या कौलारू छपरावर दुसरं छप्पर घालायला सांगितलं.

हे हसू आता पुरे झालं.

आधी या मंडळींचं म्हणणं त्यांच्याच थाटात ऐकून घेऊ. ते म्हणतात, क्लस्टरचा, म्हणजे अनेक सर्व्हरवर वाटलेल्या वितरित साठ्याचा शोधच मुळी यासाठी लागला की एक डिस्क जळाली, एक सर्व्हर बसला तरी काम थांबू नये. ते म्हणतात, दुसरं क्लस्टर म्हणजे दुप्पट खर्च, आणि एवढा डेटा आपल्या लाइनवरून जाणार तरी कसा? ते म्हणतात, हल्ली सगळं क्लाउडवर असतं, तिथली चिंता तिथले लोक वाहतात. आणि शेवटी खुर्चीत मागे रेलून हुकमाचं पान टाकतात: अहो, भंडाऱ्यात असं होऊन होऊन होणार काय?

या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करावी, कारण तो विचारायला विलक्षण विसराळूपणा लागतो. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस मध्य प्रदेशात धुवांधार पाऊस झाला, संजय सरोवराचं पाणी सुटलं आणि वैनगंगेनं भंडारा शहर गाठलं. कारध्याचा लहान पूल पाण्याखाली गेला, गोसीखुर्द धरणाची सगळी ३३ दारं उघडावी लागली, शहरातल्या सखल वस्त्यांतून माणसांना बोटीने बाहेर काढावं लागलं. त्या पाण्यानं कोणाच्या टेबलाखालचा सर्व्हर कोणत्या कंपनीचा आहे हे विचारलं नव्हतं. पुढे चारच महिन्यांनी, ९ जानेवारी २०२१च्या पहाटे, जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. त्या घटनेपुढे संगणकाचा साठा ही क्षुल्लक बाब आहे, आणि तिची तुलना कशाशीही करू नये. पण ‘आपल्याकडे कुठे आग लागते’ हे वाक्य तरी या जिल्ह्यात पुन्हा कोणी उच्चारू नये.

आणि जपायचं काय असतं इथे? काय नसतं, असं विचारा. गोसीखुर्दचं भूमिपूजन १९८८ सालचं. बुडीत क्षेत्रातलं कुटुंब मोबदल्याचा किंवा पुनर्वसनातल्या भूखंडाचा वाद आजही लढत असेल, तर त्याच्या हातातलं एकमेव शस्त्र म्हणजे जुना कागद, आणि तो कागद आता बहुधा कुठल्यातरी डिस्कवरचं स्कॅन केलेलं पान असतो. धान खरेदीसाठी ऑनलाइन नोंदणी करायची तर सातबारा लागतो, त्यावर ई-पीक पाहणीची नोंद लागते. पतसंस्थेची खाती, खासगी दवाखान्यातल्या सोनोग्राफी आणि सीटी स्कॅनच्या प्रतिमा, महाविद्यालयांच्या जुन्या गुणपत्रिका हे सगळं कपाटातून उठून फाइलींच्या साठ्यात जाऊन बसलं आहे. हंगामात सेवा केंद्रासमोर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला ‘सर्व्हर डाउन आहे, उद्या या’ हे ऐकायची सवय झालेली आहे. उद्या तो आला आणि त्याला ‘सर्व्हर सुरू आहे, पण तुमची फाइल नाही’ असं सांगायची वेळ आली, तर सांगणारा कोण असेल?

आता त्या तीन प्रतींकडे वळू. सेफ ही वितरित साठ्याची मुक्त प्रणाली. सेज वाइल यांच्या कॅलिफोर्नियातल्या पीएच.डी. संशोधनातून जन्मलेली आणि आज जगभर वापरली जाणारी. तिच्यात नेहमीच्या मांडणीत प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती होतात, हे खरं. पण त्या कुठे ठेवायच्या याचा नियम मुद्दाम बदलला नाही, तर प्रणाली एवढंच पाहते की तिन्ही प्रती वेगवेगळ्या सर्व्हरवर आहेत. ते तीन सर्व्हर एकाच रॅकमध्ये, एकाच यूपीएसवर, एकाच एसीखाली आणि एकाच खिडकीशेजारी असले तरी तिची काही हरकत नसते. हरकत माणसानं घ्यायची असते. तीन प्रतींचा दाखला देणाऱ्यांपैकी कितींनी आपल्या क्लस्टरचा हा नियम उघडून पाहिलेला आहे?

बरं, तिन्ही प्रती तीन इमारतींत आहेत असंही क्षणभर मानू. तरी मूळ प्रश्न सुटत नाही, कारण या प्रती एकाच क्षणाच्या आहेत. वापरणाऱ्यानं फाइल पुसली की तिन्ही प्रती पुसल्या जातात, आणि तेही अत्यंत कार्यक्षमपणे. रॅन्समवेअरनं फाइल कुलूपबंद केली की तिन्ही ठिकाणी कुलूप लागतं. क्लस्टरला चूक आणि हुकूम यांतला फरक कळत नाही. त्याच्या लेखी दोन्ही आज्ञाच.

ही भीती पुस्तकी नाही. डिसेंबर २०२१मध्ये जपानच्या क्योतो विद्यापीठाच्या महासंगणकावरचा ७७ टेराबाइट डेटा नाहीसा झाला, सुमारे ३ कोटी ४० लाख फाइली. आग नाही, पूर नाही, चोर नाही. बॅकअपचं काम करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये पुरवठादारानं बदल केला आणि त्या बदललेल्या स्क्रिप्टनं चालू साठ्यातल्याच फाइली पुसल्या. ज्याला राखणीला ठेवलं त्यानंच शेत कापून नेलं. तिथलं साठवणुकीचं तंत्र काही गावठी नव्हतं, महासंगणकाच्या तोडीचंच होतं. चौदा संशोधन गटांना फटका बसला आणि त्यांतल्या काहींचं काम कायमचं गेलं.

त्याआधी ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत रात्री उशिरा काम करणाऱ्या एका अभियंत्यानं चुकीच्या सर्व्हरवर फोल्डर पुसायची आज्ञा दिली. चूक लक्षात येऊन आज्ञा थांबवेपर्यंत ३०० गिगाबाइटपैकी साडेचार उरले होते. गंमत पुढे आहे. कंपनीकडे राखीव प्रतीची एक नव्हे, पाच साधनं होती, आणि वेळेवर त्यातलं एकही धड कामाला आलं नाही. एक बॅकअप आवृत्तीच्या गोंधळामुळे कित्येक दिवस घेतलाच जात नव्हता, आणि त्याबद्दलचे इशाऱ्याचे ईमेल वाटेतच नाकारले जात होते. अब्रू वाचवली ती एका स्नॅपशॉटनं, तोही कोणीतरी चाचणीच्या कामासाठी सहा तास आधी सहज घेतलेला. कंपनीनं हे सगळं लपवलं नाही, जाहीरपणे लिहून ठेवलं. आपल्याकडे असा कबुलीजबाब कुठल्या कार्यालयानं दिला आहे का, हा प्रश्न इथे विचारण्यात अर्थ नाही.

परदेशची उदाहरणं नकोत म्हणणाऱ्यांसाठी घरचीही आहेत. मार्च २०२१मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या संगणक यंत्रणेवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि राज्यभरातल्या कार्यालयांचं ऑनलाइन काम ठप्प झालं. नोव्हेंबर २०२२मध्ये दिल्लीच्या एम्सचे पाच सर्व्हर असेच बंद पडले. रुग्णांची नोंद पुन्हा कागद-पेनानं सुरू झाली. एम्सचा डेटा परत मिळाला तो कसा? हल्ल्याची झळ न लागलेल्या बॅकअप सर्व्हरवरून. सरकारनं संसदेत हेच सांगितलं. तीन प्रतींचा महिमा सांगणाऱ्यांनी ते उत्तर एकदा वाचावं.

स्नॅपशॉट काय करतो ते सरळ सांगायला हवं, कारण हसणाऱ्यांपैकी बरेच जण त्याला दुसरी पूर्ण प्रत समजतात आणि मग डिस्कच्या किमतीचा बाऊ करतात. स्नॅपशॉट म्हणजे त्या क्षणी फोल्डर जसं होतं तसं गोठवून ठेवणं. घेताना जवळपास काहीच जागा लागत नाही. नंतर जे बदलतं, त्याचा जुना भाग तेवढा राखून ठेवला जातो. सेफच्या फाइल प्रणालीत कोणत्याही फोल्डरमध्ये ‘डॉट स्नॅप’ नावाचं लपलेलं दार असतं. आत गेलं की सकाळी दहाचं, काल रात्रीचं, मागच्या रविवारचं फोल्डर जसंच्या तसं दिसतं. लिपिकानं दुपारी चुकून पुसलेली यादी तिथून कॉपी करून घ्यायला दोन मिनिटं लागतात, इंजिनिअरला फोनही करावा लागत नाही.

पण हे सगळं त्याच क्लस्टरमध्ये असतं. खोली बुडाली की आठवणीही बुडाल्या. म्हणून २०२१च्या ‘पॅसिफिक’ आवृत्तीपासून सेफमध्ये स्नॅपशॉट दुसऱ्या क्लस्टरला पाठवायची सोय आली. मांडणी अवघड नाही. दोन्हीकडे मिररिंग सुरू करायचं, दुसऱ्या क्लस्टरवर एक टोकन तयार करायचं, ते पहिल्यावर आणून द्यायचं, म्हणजे दोघांची ओळख पटते. मग कोणती फोल्डरं पाठवायची ते सांगायचं आणि दर तासाला किंवा दर रात्री स्नॅपशॉट घेण्याचं वेळापत्रक लावायचं. पुढचं काम एक स्वतंत्र प्रक्रिया करत राहते. ती आधीचा आणि नवा स्नॅपशॉट ताडून पाहते, बदललेल्या फाइलीच पाठवते आणि सगळं पोहोचल्यावर पलीकडे त्याच नावाचा स्नॅपशॉट घेते. जाणकार माणसाला हे काम एका दुपारचं आहे. घोडं पेंड खातं ते दुपार काढण्यात.

आणि लाइनचं रडगाणं? त्याचा हिशोब कागदावर करून पाहू. साठा २० टेराबाइट आणि लाइन १०० एमबीपीएसची धरली, तर पूर्ण क्षमतेनं दिवसाला जेमतेम एक टेराबाइट जातो. म्हणजे पहिली प्रत जायला अठरा-एकोणीस दिवस. आक्षेप घेणारे इथेच थांबतात आणि विजयी मुद्रेनं पाहतात. पण पहिली प्रत लाइनवरून पाठवायला सांगितलंय कोणी? दुसरं क्लस्टर आधी भंडाऱ्यातच पहिल्याच्या शेजारी लावावं, स्थानिक जाळ्यावरून पहिली प्रत भरून घ्यावी, आणि मग सर्व्हर गाडीत घालून साठेक किलोमीटरवरच्या नागपूरला न्यावेत. त्यानंतर रोज जातो तो फक्त बदल. रोज एक टक्का साठा बदलतो असं धरलं, आणि पतसंस्था किंवा महाविद्यालयासाठी हेही जास्तच झालं, तरी २०० गिगाबाइट होतात. त्याच लाइनवर साडेचार तास. रात्री अकराला सुरू केलं तर पहाटे चारला काम संपतं, कोणाच्याही झोपेत खंड न पडता.

एक अडचण खरी आहे. सेफच्या जुन्या आवृत्त्यांत मोठ्या फाइलीचा एक कोपरा बदलला तरी अख्खी फाइल पुन्हा पाठवली जाते. म्हणून आभासी यंत्रांच्या शेकडो गिगाबाइटच्या प्रतिमा किंवा चालू डेटाबेसच्या फाइली या वाटेनं पाठवू नयेत. डेटाबेसचा डंप काढावा आणि तो पाठवावा. पण ही अडचण योजना नीट आखण्याचं कारण आहे, योजना न आखण्याचं नव्हे.

दुप्पट खर्चाचा मुद्दाही असाच पोकळ. पलीकडच्या क्लस्टरवर दिवसभर शेकडो माणसं काम करणार नसतात. तिथे संथ, स्वस्त हार्डडिस्क चालतात. मुख्य ठिकाणी २० टेराबाइटच्या तीन प्रतींना ६० टेराबाइट कच्ची जागा लागते, तर पलीकडे ‘चार अधिक दोन’ पद्धतीचं इरेजर कोडिंग, म्हणजे डेटाचे चार तुकडे आणि जोडीला दोन राखीव तुकडे, वापरलं तर ३० टेराबाइट पुरतात. सर्व्हर मात्र किमान सहा हवेत, पण जुने चालतील. प्रणाली मुक्त आहे, परवान्याचा खर्च नाही. एकट्या संस्थेला हे झेपत नसेल, तर चार पतसंस्थांनी मिळून करावं. ज्या जिल्ह्यात सहकारी भात गिरण्या निघाल्या, तिथे सहकारी क्लस्टर अशक्य का वाटावं?

खर्चाचं खरं मोजमाप पाहायचं तर दक्षिण कोरियाकडे पाहावं. २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन इथल्या राष्ट्रीय माहिती केंद्रात बॅटऱ्यांना आग लागली. सहाशेहून अधिक सरकारी सेवा बंद पडल्या. त्यातच ‘जी-ड्राइव्ह’ हा सरकारी कर्मचाऱ्यांचा सामायिक साठा होता, माणशी ३० गिगाबाइट जागा देणारा. कामाची कागदपत्रं आपल्या संगणकावर न ठेवता तिथेच ठेवा, असं कर्मचाऱ्यांना सांगितलेलं होतं. ८५८ टेराबाइट जळून खाक झाले. बाहेर कुठेही प्रत नव्हती. का नव्हती? तर साठा फार मोठा आणि संथ, म्हणून बाहेर बॅकअप ठेवता येत नव्हता, हे अधिकृत उत्तर. जगातल्या सगळ्यात वेगवान इंटरनेटचा टेंभा मिरवणाऱ्या देशानं हे उत्तर द्यावं, आणि इकडे आपल्या मंडळींनी २० टेराबाइटसाठी तेच उत्तर आधीच तयार ठेवावं, हा योगायोग मानायचा का?

कोरियाच्या त्या साठ्याचं एक दुसरं नाव होतं: सरकारी क्लाउड. तेव्हा ‘क्लाउडवर आहे’ हे उत्तर देणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. क्लाउड म्हणजे शेवटी कोणाची तरी इमारत. मार्च २०२१मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग इथे ओव्हीएच कंपनीची डेटा सेंटरची एक इमारत पूर्ण जळाली, तेव्हा काही ग्राहकांना कळलं की आपले बॅकअपही त्याच आवारात होते. क्लाउड विकत घेताना दुसरी प्रत कुठल्या गावी आहे हे करारात लिहून घेतलं नसेल, तर ती नाहीच असं धरून चालावं.

महाराष्ट्र हा धडा एकदा शिकलेला आहे. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली, वरचे मजले जळाले, पाच माणसं गेली आणि असंख्य फायलींची राख झाली. त्यानंतर कागदाचं डिजिटल रूपांतर वेगानं झालं. पण कागदाच्या फायली निदान वेगवेगळ्या कपाटांत, वेगवेगळ्या तालुक्यांत विखुरलेल्या असत. एका ठिणगीनं सगळ्या जात नसत. आता शंभर कपाटं एका रॅकमध्ये सामावली आहेत. धोका कमी झाला की गोळा झाला?

आता स्नॅपशॉट पाठवणाऱ्यांकडेही वळायला हवं, कारण तिथेही ‘लावलं, झालं’ म्हणणारे भेटतात. त्यांना कोणी सांगत नाही की सेफच्या या व्यवस्थेत मुख्य ठिकाणचा स्नॅपशॉट पुसला, तर पलीकडचाही पुसला जातो. हल्लेखोराच्या हाती मुख्य क्लस्टरच्या किल्ल्या लागल्या तर तो दोन्हीकडचा इतिहास एका फटक्यात साफ करू शकतो. म्हणून महत्त्वाच्या फोल्डरांची तिसरी प्रत, निराळ्या किल्ल्यांची आणि जाळ्यापासून तोडलेली, ठेवावीच लागते. मुख्य केंद्र पडलं की दुसरं आपोआप उभं राहत नाही. कोणी, कोणाच्या हुकमानं, कोणत्या क्रमानं ते सुरू करायचं हे आधी लिहून ठेवावं लागतं. आणि नागपूर निवडताना तळघर निवडू नये. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी घराघरांत शिरली. नाग कन्हानला मिळते, कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत. दोन्ही क्लस्टर एकाच खोऱ्यात असतील तर निदान वरच्या मजल्यावर, वेगळ्या वीजवाहिनीवर, वेगळ्या कंपनीच्या लाइनवर असावीत.

पण ही व्यवस्था नीट करण्याची चर्चा आहे. व्यवस्था करायची की नाही, ही चर्चा आता संपायला हवी. दुसऱ्या गावची, मागच्या वेळेची, परत मिळवून पाहिलेली प्रत जिथे नाही, तिथे तीन काय, तीस प्रती असल्या तरी नोंदी वाऱ्यावरच आहेत. ज्यांच्याकडे लोकांची खाती, जमिनी आणि रोगनिदानं आहेत, त्यांनी याला चैन म्हणणं हा निष्काळजीपणा आहे आणि त्याला त्याच नावानं ओळखावं.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हायच्या असतात. भंडारा, तुमसर, साकोली, पवनी, कुठलीही पतसंस्था असो, तिच्या सभासदांनी या वर्षी ताळेबंदाच्या चर्चेत उभं राहून विचारावं: आपल्या खात्यांची दुसरी प्रत कोणत्या गावी आहे, ती किती तास जुनी असते, आणि ती उघडून शेवटचं कधी, कोणी पाहिलं? उत्तर तारखेसह इतिवृत्तात लिहून घ्यावं. ‘तीन प्रती आहेत’ हे उत्तर आलं, तर तेही लिहून घ्यावं, आणि त्याखाली उत्तर देणाऱ्याची सही घ्यावी.